अधांतरी पाय

माणसाने आयुष्यात एकदा तरी बारमध्ये जावं, पण हातात एवढी मोठी पेटी घेऊन जाऊ नये. जायचंच असेल तर समोरच्या वहिनी बाल्कनीत कपडे वाळत घालत नाहीत ना, एवढं तरी बघून घ्यावं. मी बघितलं नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं, तोवर बातमी तळमजल्यापर्यंत जाऊन परत वर आली होती. बातमी अशी, की वरच्या मजल्यावरचे साहेब आता बाटली आणत नाहीत, पेटी भरून आणतात.

पेटीत अकॉर्डियन होतं. ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेलं नाही त्यांना सांगतो. ते पट्ट्यांनी छातीवर बांधतात. उजव्या हाताला स्वरांच्या पट्ट्या, डाव्या हाताला खर्जाची बटणं आणि मध्ये भाता. भाता ओढला की ते श्वास घेतं, दाबला की सोडतं. एकदा ते गळ्यात अडकवलं की वाजवणाऱ्याला सगळं जग दिसतं, फक्त स्वतःचे पाय दिसत नाहीत. हे कृपया लक्षात ठेवा. माझी जी काही शोभा झाली तिचं मूळ यात आहे.

मी पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासतो. कुणाची तक्रार आली की त्याचं मीटर काढून आमच्या टेबलावर आणतात. मी ते नळीला जोडतो, पाणी सोडतो आणि पलीकडची टाकी खुणेपर्यंत भरायची वाट बघत बसतो. माझ्या नोकरीतला निम्मा वेळ वाट बघण्यात गेला, आणि खरं सांगायचं तर तो निम्मा भाग मला फार आवडतो. मीटरमधली लहानशी लाल चकती फिरत असते, नळीत गुडगुड चाललेली असते, आणि खिडकीतून आलेलं ऊन टाकीच्या पाण्यावर पडून वर छताला लागतं आणि तिथे हलत राहतं. लग्न ठरायच्या सुमारास अशाच एका दुपारी मला एक धून सुचली. सुचली म्हणजे ती पाण्याबरोबरच आली असावी, मी फक्त खाली भांडं धरलं. त्या दिवशी टेबलावर कुणाचं मीटर होतं आणि मी त्याचा काय निकाल दिला, हे देवालाच ठाऊक.

धून दोन भागांची. पहिला भाग हळूहळू वर चढतो आणि वरच थांबतो. दुसरा भाग खर्जातून सुरू होतो आणि सगळं सावरून घेतो. लग्नाआधी मी ती होणाऱ्या बायकोच्या घरी जाऊन वाजवली. पहिला भाग संपला, मी दुसऱ्यासाठी भाता ओढला, तेवढ्यात सासरे म्हणाले, "छान आहे. चहा निवतोय." लग्नानंतर वाजवायला घेतली की पहिल्या भागाच्या शेवटी बाळ उठायचं. बाळ मोठं होऊन शिकायला दूर गेलं, तोवर खालच्या मजल्यावर अण्णा राहायला आले होते. अण्णांकडे एक काठी आहे. चालायला त्यांना ती लागत नाही, ती छताला लावायला आहे. दुसऱ्या भागाचं पहिलं बटण दाबलं की खालून ठक-ठक सुरू. अशा रीतीने माझ्या बायकोने ती धून हजार वेळा ऐकली आणि एकदाही पुरती ऐकली नाही.

अण्णा एकदा स्वतः वर आले होते. माणूस सभ्य, चप्पल बाहेर काढून आले.

"आवाजाचं मी समजू शकतो हो," ते म्हणाले. "कला आहे शेवटी. पण तुम्ही ठेका धरून जो पाय आपटता, तो थेट माझ्या डोक्यात बसतो."

"मग काय करू म्हणता?"

"उचलून धरा की पाय. हवेत आपटा. हवेचं भाडं नाही लागत."

मी पडलो भिडस्त. त्या दिवसापासून डावा पाय ताठ करून जमिनीपासून वीतभर वर धरून वाजवायची सवय केली. आधी मांडी भरून यायची, पोटरीत गोळा यायचा. मग सवय झाली. पुढे तर अशी सवय झाली की पाय वर गेल्याशिवाय बोटं पट्टीवर पडेनात. वर गेलेला पाय मला दिसत नव्हता, त्यामुळे काही दिवसांनी तो वर असतो हेही मी विसरून गेलो.

हे सगळं असंच चालत राहिलं असतं. पण गेल्या महिन्यात भात्यातून फुस्स असा आवाज यायला लागला, म्हणून मी पेटी दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने भाता उघडला, आत बघितलं, बोट फिरवलं आणि डॉक्टर नातेवाईकांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं. "चामडं गेलंय," तो म्हणाला. "असा भाता आता कुणी करत नाही. जपून वाजवा. जेवढं वाजतंय तेवढं वाजवून घ्या."

घरी आलो तेव्हा बायको इस्त्री करत होती. मी तिला सांगितलं. तिने शर्टाची बाही उलटली, कॉलर सारखी केली आणि विचारलं, "मग तुमची ती धून?"

"कुठली?" मी उगाचच विचारलं.

"ती हो. दारातच उभी राहते ती."

इतकी वर्षं मी समजत होतो की ती ऐकतच नाही.

"तिला पुढे काही आहे का?" तिने विचारलं.

"आहे तर. अर्धी धून पुढेच आहे."

"असं?" तिने इस्त्री उभी ठेवली. "मला वाटायचं एवढीच आहे. मला दर वेळी तिचं वाईट वाटायचं."

त्याच क्षणी मी ठरवलं, की भाता फाटायच्या आत हिला ही धून शेवटपर्यंत ऐकवायची. बास. याहून साधा बेत माणसाने कधी केला नसेल.

घरी शक्य नव्हतं, पाय आपटणं थांबलं तरी खर्ज वाजला की खालून काठी लागायचीच. म्हणून मी बागेत गेलो. रखवालदार म्हणाला, बागेत वाद्य वाजवायला उद्यान विभागाची परवानगी लागते. उद्यान विभाग म्हणाला, आम्ही फक्त झाडांचं बघतो, आवाजाचं पर्यावरण बघतं. पर्यावरणातल्या बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "वाद्याला चाकं आहेत का? चाकं असतील तर वाहतूक विभागाकडे जावं लागेल." मी स्वतः सरकारी नोकर आहे. लोकांना या टेबलावरून त्या टेबलावर पाठवताना आपण किती गोड हसतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समोरून दिसलं.

शेवटी वाट दाखवली ती आमच्या सलूनवाल्याने. तो गिटार वाजवतो. दर गुरुवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बारमध्ये गावातले वाजवणारे जमतात, ज्याला यायचं त्याने यावं, ज्याला जे येतं ते वाजवावं. "या की साहेब," तो म्हणाला, "अकॉर्डियन नाहीच आमच्यात." बारमध्ये जाणारा माणूस मी नव्हे, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं आणि गुरुवारी गेलो. आधी एकट्याने अंदाज घ्यायचा आणि मग बायकोला न्यायचं, असा विचार होता.

तो बार अर्धा जमिनीखाली आहे. खिडकी रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे आत बसलं की बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. संध्याकाळचं ऊन कपाटातल्या बाटल्यांतून गाळून येत होतं आणि कुणाच्या गालावर हिरवं, कुणाच्या मनगटावर मधाच्या रंगाचं पडत होतं. मला क्षणभर मी आमच्या चाचणीच्या टाकीत बसलो आहे असं वाटलं. मालकाने मला लिंबू सोडा दिला आणि कानात सांगितलं, की त्याच्या परवान्यावर 'पार्श्वसंगीत' आहे, 'मैफल' नाही. त्यामुळे इथे मंच नाही, माईक नाही, पुढचं काय वाजणार ते कुणी सांगायचं नाही. सगळ्यांनी टेबलाभोवती गिऱ्हाइकासारखं बसायचं, प्रत्येकाच्या पुढ्यात ग्लास हवा. तपासणीला कुणी आलंच, तर गप्पा मारता मारता चुकून हात वाद्यावर पडला असं दाखवायचं.

"मग धून कधी संपवायची ते कसं कळतं?" असं मी तेव्हा विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

व्हायोलिन वाजवत होती ती एक दाताची डॉक्टर. आमच्याच रस्त्यावर तिचा दवाखाना आहे, तिने माझी दाढ काढली आहे. सलूनवाला गिटारवर. तिसरा फ्यूज. हे त्याचं टोपणनाव, तो विजेची कामं करतो. तो एका लाकडी खोक्यावर बसून तोच खोका बडवतो. डॉक्टरीणबाईंनी एक धून सुरू केली. ती गोल गोल फिरत होती, संपली की पुन्हा पहिल्यापासून, आणि दर फेरीला कुणीतरी तिच्यात थोडी भर घालत होतं. माझे डोळे आपोआप मिटले. भाता ओढला. फार वर्षांनी मी दुसऱ्या माणसांबरोबर वाजवत होतो, मला अंगातून हलकं हलकं वाटायला लागलं.

फेरी संपली आणि सगळे थांबले.

मी म्हटलं, असेल लहानशी धून. पुढची सुरू झाली. मी ऐकत होतो तोवर ती छान चालली होती. मी वाजवायला घेतलं आणि फेरी संपताच सगळे पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळीही तेच. मी सोडा पीत बसलो की यांची धून मजेत चालायची, मी भात्याला हात घातला की आवरायची. फ्यूज तर माझ्याकडे बघून अदबीने मान लववायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं." असा टोमणा मला आमच्या खात्यातसुद्धा कुणी मारला नव्हता.

घरी येताना मी स्वतःची समजूत घातली, की नवीन माणसाला पारखून घेत असतील. पुढच्या गुरुवारी मी सरळ आपलीच धून सुरू केली. पहिला भाग सुरेख झाला. व्हायोलिन माझ्या मागोमाग आलं, गिटार आलं, वर चढलो, वर थांबलो. दुसऱ्या भागासाठी मी श्वास घेतला आणि त्या तिघांनी एकदम, अगदी ठरवल्यासारखं, झोकात ती धून संपवून टाकली. वर टाळ्या. "लहानशीच, पण गोड आहे हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासरे, बाळ, अण्णा आणि आता हे. या दुसऱ्या भागावर जगात सगळ्यांचा काय राग आहे, ते मला कळेना.

बायको जागीच होती. "वाजवली?"

"अर्धी."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

उलगडा झाला तो सलूनमध्ये. माझ्या दोन्ही गालांना फेस, गळ्यावर वस्तरा. सलूनवाला म्हणाला, "साहेब, राग नसेल तर एक विचारू? आमचं वाजवणं एवढं वाईट आहे का?"

वस्तरा तिथे असताना कुणाला काही बोलता येत नाही. मी भुवया वर केल्या.

"नाही, तुम्ही लगेच पाय दाखवता ना. तुम्ही वयाने मोठे, आम्ही मान ठेवतो. पण फ्यूजचं मन खट्टू झालंय."

"पाय?" मी म्हणालो, आणि हनुवटीला चिरलं.

मग त्याने तुरटी लावता लावता सांगितलं. हात वाद्यात गुंतलेले आणि बोलायला मनाई, म्हणून ज्याला धून आवरायची असेल तो पाय पुढे उचलून धरतो. पाय वर गेला की ती शेवटची फेरी. हे सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की मला सांगायचं कुणाला सुचलंच नाही. आणि मी दोन गुरुवार, दर धुनेला, डोळे मिटून, साहेबी थाटात, त्यांना 'पुरे करा' असं बजावत बसलो होतो.

आता उपाय सोपा होता, पाय खाली ठेवायचा. तुम्ही म्हणाल, त्यात काय! तुम्ही डोळे उघडे ठेवून शिंकून दाखवा, मग बोलू. मी घरी खुर्चीत बसायचो, पायाला बजावायचो, पहिला सूर लावायचो आणि बायको समोरून म्हणायची, "गेला वर." समोरच्या वहिनींनी दाराशी येऊन पाय पाण्यात ठेवून बसायचा सल्ला दिला. मी पाय बादलीत घातला. पहिल्या सुराला पाय बादलीसकट वर गेला, बादली कलंडली आणि काही वेळाने अण्णा वर आले. त्यांच्या खांद्यावर ओल्या पंच्यासारखं काहीतरी होतं, ते त्यांचं वर्तमानपत्र होतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. अण्णा कोचावर बसले. ओलं वर्तमानपत्र मांडीवर पसरलं.

"म्हणजे तो पाय माझ्यामुळे वर गेला," ते म्हणाले.

"तसं काही नाही हो अण्णा."

"तसंच आहे. मी येतो गुरुवारी. जबाबदारी आहे माझी."

गुरुवारी आम्ही निघालो. मी, बायको, अण्णा आणि माझ्या पायात मेव्हण्याचे कारखान्यातले लोखंडी टोकाचे बूट, कारण पाय उचलणारच नाही इतकं जड काहीतरी घालावं, हा मेव्हण्याचा सल्ला होता. बाल्कनीत वहिनी होत्याच. या वेळी मी त्यांना नमस्कार केला.

मालकाने बायकोपुढे आणि अण्णांपुढे ग्लास ठेवले. मी डॉक्टरीणबाईंची, सलूनवाल्याची आणि फ्यूजची माफी मागितली. फ्यूज एवढा हसला की खोका आपोआप वाजला. मग मी पेटी बांधली. भात्याची फुस्सफुस्स आता सगळ्यांना ऐकू येत होती. आज नाही झालं तर ही बाई जन्मभर त्या धुनेची कीव करत राहील, हे मला अगदी स्वच्छ कळत होतं.

पहिला सूर लागला. बुटाचं लोखंड जमिनीवर घट्ट होतं. मी वर चढायला लागलो, व्हायोलिन आलं, खिडकीबाहेर कुणाचे तरी पाय हळू झाले आणि थांबले. धून वर पोचली. आणि मांडीत ती ओळखीची कळ उठली. मेव्हण्याचा बूट दोन नंबर मोठा होता. पाय त्याच्यातून अलगद बाहेर आला आणि मोज्यासकट वर निघाला. डॉक्टरीणबाईंचा व्हायोलिनवरचा गज आवरायला लागला. सलूनवाल्याने मान खाली घातली.

तेवढ्यात माझ्या पायावर काहीतरी आलं आणि त्याने तो जमिनीवर दाबून धरला. मला दिसत नव्हतं. पण इतक्या वर्षांच्या संसारात कुठला पाय कुणाचा हे बघावं लागत नाही. बायकोने खुर्ची पुढे ओढली होती, चप्पल काढली होती आणि आपला पाय माझ्या पायावर ठेवला होता. नजर मात्र समोर ग्लासाकडे, जणू ती खरोखरच गिऱ्हाईक होती.

मी खर्जाचं बटण दाबलं.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. टाकीवरचं ऊन छताला लागतं तसं काहीतरी त्या खोलीच्या छताला लागलं आणि हलत राहिलं. तिघांनीही दुसरा भाग कधी ऐकला नव्हता, तरी तो त्यांना येत होता. सूर एक एक करून खाली उतरले, प्रत्येकाला जागा मिळाली. फेरी संपली. धून माझी, म्हणून थांबायची खूण दुसरं कुणी देईना आणि माझ्या पायावर पाय होता. म्हणून धून पुन्हा सुरू झाली. पुन्हा वर गेली, पुन्हा आत आली. बाटल्यांतलं ऊन विझलं, मालकाने दिवे लावायचं विसरून ग्लास पुसत ठेका धरला. किती फेऱ्या झाल्या कुणी मोजल्या नाहीत. मध्येच एक दणदणीत आवाज यायला लागला, म्हणून मी डोळे उघडले. अण्णा पाय आपटत होते. जोरात, ठेक्यात, कुणाच्या डोक्यात बसेल याची पर्वा न करता.

भात्याचा श्वास आखूड होत चालला होता. मी बायकोकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"आली आत," ती म्हणाली.

मग तिने पाय काढून घेतला. माझा पाय खालीच राहिला. त्या पायाला वर जायचं सुचलंच नाही, मला तो मुद्दाम उचलावा लागला. आयुष्यात पहिल्यांदा मी समजून उमजून पाय वर केला, सगळ्यांनी बघितला, आणि शेवटची फेरी सगळ्यांनी सावकाश वाजवली. शेवटचा सूर निम्मा सूर होता, निम्मी हवा. नंतर भाता उघडला तेव्हा तो घडीवर चिरलेला होता.

आता पेटी कपाटावर आहे. गुरुवारी मी जातो. फ्यूज मला खोका शिकवतो आहे, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून. घर मात्र शांत असतं. परवा संध्याकाळी बायको इस्त्री करत होती आणि मी नुसताच बसलो होतो, तेवढ्यात खालून छताला काठी लागली. ठक-ठक. सवयीने मी दचकलो. म्हटलं, आता काय केलं आपण?

पण काठी थांबली नाही. नीट ऐकलं तर ती ठेक्यात होती, आणि ठेका दुसऱ्या भागाचा होता. बायकोने इस्त्री उभी ठेवली, जराशी थांबली आणि टाचेने जमिनीवर तोच ठेका दिला. खालून उत्तर आलं. त्यांचं दोघांचं बराच वेळ चाललं होतं. मध्ये येऊ नये म्हणून मी दोन्ही पाय वर घेऊन बसलो.